आवाज बंद, मीटर चालू : छोटा क्लास-डी ॲम्प्लिफायर

देवळी तालुक्यातल्या आमच्या घरी ॲम्प्लिफायर सहसा बंद होत नाही. पहाटे बाबांची खंजिरी भजनं, दुपारी बातम्या, रात्री पोरांची गाणी. मधल्या वेळात आवाज शून्य, पण दिवा जळतच असतो. म्हणून नवा घेताना दुकानात मी पहिलं हेच विचारलं, नुसता बसून किती वीज खातो? दुकानदार म्हणे, "भाऊ, हे कोणी विचारतच नाही." खोक्यावरही लिहिलेलं नाही. मग घरीच मोजलं.

आपल्या मीटरवर बारीक अक्षरांत '३२०० इम्प' असं काही छापलेलं असतं. म्हणजे लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. फ्रीज, पंखे, इन्व्हर्टर सगळं बंद करा, एकटा ॲम्प्लिफायर चालू ठेवा आणि दोन लुकलुकींमधले सेकंद मोबाइलवर मोजा. ११२५ ला त्या सेकंदांनी भागलं की वॅट निघतात. मीटरवर दुसरा आकडा असेल तर आधी ३६ लाखांना त्याने भागून घ्या, आणि ११२५ ऐवजी तो भागाकार वापरा. क्लॅम्प मीटरने अँपिअर मोजून २३० ने गुणू नका. रिकाम्या ट्रान्सफॉर्मरचा पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या करंटपैकी खऱ्या कामाला लागणारा वाटा, कमी असतो, त्यामुळे आकडा फुगून येतो. घरचं बिल खऱ्या वॅटचंच होतं.

जुना ॲम्प्लिफायर गावाकडे बनवून घेतलेला, ५२००–१९४३ नंबरच्या ट्रान्झिस्टर-जोड्यांचा, मोठ्या ट्रान्सफॉर्मरचा. आवाज पूर्ण बंद ठेवला तरी दर ५० सेकंदांनी लुकलुक, म्हणजे साडेबावीस वॅट. दिवसरात्र चालू राहिला तर महिन्याला १६ युनिट. आमचा वापर शंभरच्या आसपास असतो, आणि शंभराच्या पुढच्या युनिटांना दर एकदम चढतो. म्हणजे ही १६ युनिटं महागातली.

त्यात बनवणाऱ्याचा दोष नाही. क्लास-एबीत, म्हणजे या जुन्या पद्धतीच्या ॲम्प्लिफायरात, ट्रान्झिस्टरमधून शांततेतही थोडा करंट वाहता ठेवावाच लागतो, नाहीतर हळू आवाजात सूर फाटतो. म्हणून हीटसिंक, म्हणजे ट्रान्झिस्टरची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा, कोमट. वर ट्रान्सफॉर्मरचा गाभा दिवसभर चुंबकित होत राहतो. रात्री व्होल्टेज चढलं की त्याची घरघर ऐकू येते.

नवा टीपीए३११६ चिपचा. क्लास-डीत ट्रान्झिस्टर एकतर पूर्ण चालू, नाहीतर पूर्ण बंद, मधे तापत बसत नाही. अडॅप्टर धरून साडेचार मिनिटांनी एक लुकलुक! चार वॅटच्या जरा वर, महिन्याला तीन युनिट.

मला त्याहून मोठा फायदा लाईन गेल्यावर दिसला. जुना इन्व्हर्टरवर असला की गाणं नसतानाही १२ व्होल्टच्या बॅटरीतून दोन अँपिअर ओढतो, इन्व्हर्टरचा स्वतःचा खर्च वेगळा. ही चिप ४.५ ते २६ व्होल्टवर चालते, म्हणून नवा मी थेट बॅटरीला जोडला. पॉझिटिव्ह वायरमध्ये फ्यूज टाकायचाच. आवाज जरा उतरतो, पण ओसरीला भरपूर.

खोक्यावर १०० वॅट लिहिलंय. चिपचा ५०+५० चा, म्हणजे दोन्ही स्पीकरांना पन्नास-पन्नास वॅटचा आकडा ४ ओहमच्या स्पीकरचा आणि २१ व्होल्टचा आहे. माझे स्पीकर ८ ओहमचे, तेव्हा तेवढं मिळत नाही. खंजिरीचा ठोका जुन्यावरच भरीव वाजतो, हे मान्य. सप्ताहाला मंडपात जुनाच नेणार.

एक दोष मात्र खरंच जाचतो. जवळ रेडिओ ठेवला की ५८५ किलोहर्ट्झवरच्या आकाशवाणी नागपूरमध्ये किरकिर शिरते. चिपचं स्विचिंग, म्हणजे ट्रान्झिस्टरचं चालू-बंद होणं, ४०० किलोहर्ट्झपासून वर चालतं. ते बदलून मीडियम वेव्ह, म्हणजे नागपूर केंद्राचा हाच पट्टा, टाळायची सोय चिपमध्ये आहे, पण या बोर्डवर बाहेर बटण दिलेलं नाही. बॅटरीवर चालवला की किरकिर बरीच कमी होते, म्हणजे अडॅप्टरचाही वाटा होता. रेडिओ आता खिडकीत गेला आणि बाबांना बातम्या स्वच्छ येतात.

आपोआप बंद होण्याची सोयही हवी होती. युरोपात २०१३ पासून स्टँडबायमधल्या घरगुती उपकरणाला, डिस्प्ले नसेल तर, अर्धा वॅटच मुभा आहे. आपल्याकडे निदान बसून किती खातो तो आकडा तरी खोक्यावर छापावा, ही माझी कळकळीची मागणी आहे.

अडॅप्टरसकट अडीच हजारांच्या आत मिळाला. दुसरा घेतोय, शेतातल्या सोलरच्या बॅटरीवर लावायला.