ऑगस्टमधलं मसाई मारा की फेब्रुवारीतलं न्दुतू: थोडं हंगामाबद्दल, जास्त स्वेटरबद्दल

केनिया-टांझानियातल्या जंगल सफारीचा विषय निघाला की आपल्याकडे आधी शाळेच्या सुट्ट्या बघितल्या जातात, आणि तिथेच घोळ होतो. आपली मे महिन्याची सुट्टी म्हणजे तिकडच्या मोठ्या पावसाचं, 'मासिका'चं शेपूट. दिवाळीची सुट्टी जरा लांबली की छोटा पाऊस, 'वुली' गाठतो. मे महिन्यात कॅम्पचे दर उतरतात हे खरं. पण माराची बरीचशी जमीन आपल्या वऱ्हाडासारखी काळी आहे, तिथे तिला 'ब्लॅक कॉटन'च म्हणतात. पावसात अशा जमिनीत गाडी रुतली की काय होतं, हे यवतमाळच्या माणसाला सांगायला नको. तेव्हा मे बाजूला ठेवतो. उरतात दोन: जुलै ते ऑक्टोबरमधलं केनियातलं मारा, आणि जानेवारीअखेर ते फेब्रुवारीतलं टांझानियातलं न्दुतू. आम्ही आधी ऑगस्ट केला, तीन वर्षांनी फेब्रुवारी.

विल्डबीस्टचे, म्हणजे तिकडच्या दाढीवाल्या मोठ्या हरणांचे, कळप मारा नदी ओलांडताना बघायचे असतील तर वाद नकोच, ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच जा. तशी हमी कोणी देत नाही. आम्ही एका काठावर साडेचार तास बसलो, कळप पाण्यापर्यंत आला आणि लग्नघरातल्या रुसलेल्या पाहुण्यांसारखा परत फिरला. दुसऱ्या दिवशी उतरला. दहाच मिनिटं चाललं, पण ती दहा मिनिटं अजून डोळ्यांसमोर आहेत. आसपासच्या तीसेक गाड्यांसकट.

माझं मन उतरलं ते मात्र गर्दीमुळे नाही. एका फ्लीसच्या, म्हणजे मऊ केसाळ कृत्रिम कापडाच्या, जाकिटामुळे.

आफ्रिका म्हणजे ऊन, असं डोक्यात धरून आपण सुती कपडे भरतो. पण नैरोबी शहरच कळसूबाईच्या शिखराहून उंचावर आहे, आणि माराही साधारण दीड हजार मीटरवर. ऑगस्टच्या पहाटे सहाला छत उघडलेल्या लँड क्रूझरमध्ये उभं राहिलात की वारा कानातून आत शिरतो. म्हणजे गरम कपडे हवेतच. आणि नैरोबीहून छोट्या विमानाने जाणार असाल तर सगळं सामान मिळून पंधरा किलो, तेही मऊ बॅगेत. चाकांची कडक सूटकेस बहुतेक चालत नाही. त्यात कॅमेरा आला. मग फ्लीस एकच नेता येतो. आणि कोरड्या हंगामात वाटांवर पिठासारखी धूळ उडते. सुती सदरा झटकला की मोकळा होतो, फ्लीस मात्र धूळ पिऊन घेतो. तिसऱ्या पहाटे मी तो नाकापर्यंत ओढला आणि ब्रेकफास्टपर्यंत शिंकत राहिलो. संध्याकाळी धुवायला द्यावा तर उजाडेपर्यंत वाळत नाही, आणि नेमका तेव्हाच तो लागतो. वर दहा वाजले की ऊन चढतं. सहाही जणांची जाकिटं, मफलर, टोप्या सीटवर ढीग होऊन पडतात आणि दुर्बीण त्या ढिगाखाली जाते. घरी आल्यावर तो फ्लीस दोनदा भिजवला, दोन्ही वेळा बादलीतलं पाणी तांबडं.

फेब्रुवारीत धूळ नसते असं नाही. न्दुतूला आठवडाभर सर आली नाही तर तिथलीही माती उडते. पण अंगात सुती सदरा आणि वर पातळ विंडचीटर असतं. दुपारी धुतलेला सदरा दोन तासांत वाळतो. गरम कपडा लागला तो एकाच मुक्कामी, गोरोंगोरो या जुन्या ज्वालामुखीच्या विवराच्या कड्यावर. तो जवळजवळ 2,300 मीटरवर आहे आणि तिथे रात्री चांगलीच थंडी वाजते. त्यासाठी एक स्वेटर पुरला.

आणि बघायला काय मिळतं? नदीचं नाट्य नाही. पण न्दुतूला, म्हणजे सेरेंगेटीच्या मैदानाच्या दक्षिण टोकाला, जुन्या ज्वालामुखींच्या राखेवर आखूड, खनिजांनी भरलेलं गवत उगवतं, आणि विल्डबीस्टच्या माद्या विण्यासाठी तिथे जमतात. दोन-तीन आठवड्यांत लाखो पिल्लं जन्मतात. एक पिल्लू आमच्यासमोर चार वेळा पडलं आणि पाचव्यांदा आईमागे चालायला लागलं. मागोमाग चित्ते येतातच. न्दुतूचा भाग गोरोंगोरो संवर्धन क्षेत्रात मोडतो, त्यामुळे हंगामात गाडीला वाट सोडून जाता येतं. सेरेंगेटी उद्यानाच्या हद्दीत तसं चालत नाही. धोका एवढाच की कळप पावसामागे फिरतो. सरी पुढे-मागे झाल्या तर तो चाळीस किलोमीटर पलीकडेही असू शकतो. नदीच बघायची म्हणून निघालेल्याला हे कदाचित फिकं वाटेल, ते मी समजू शकतो.

कपड्यांचं बाकी थोडक्यात. गडद निळा आणि काळा रंग घरीच ठेवा, त्सेत्से माशी त्यावर धावून येते आणि जीन्समधूनही चावते. लष्करी छापाचे कपडे तर नकोतच. कपडे भरायला प्लॅस्टिकच्या कॅरीबॅग घेऊ नका. केनियात 2017 पासून आणि टांझानियात 2019 पासून त्यांवर बंदी आहे. माझ्या आईने जुन्या साडीच्या नाड्यावाल्या पिशव्या शिवून दिल्या होत्या, त्यांना कॅम्पमध्ये फार मान मिळाला. पुष्कळ कॅम्पांत आतले कपडे धुऊन देत नाहीत, तेव्हा साबणाची वडी आणि दोरी जवळ असू द्या. पुढे झांझिबार जोडणार असाल तर गावात खांदे-गुडघे झाकणारं काहीतरी ठेवा. 2027 साली रमझान फेब्रुवारीतच येतो, तेव्हा दिवसा रस्त्यात खाणं-पिणंही टाळायला हवं.

घरात दहावी-बारावीचं कोणी असेल तर फेब्रुवारी हातचा गेलाच. मग ऑगस्टच. पण तेव्हा फ्लीसऐवजी घट्ट विणीचं, झटकता येणारं जाकीट न्या आणि आत लोकरीचा पातळ बनियन घाला. गळ्याला मफलरऐवजी सुती पंचा. तो रोज रात्री धुता येतो आणि पहाटेपर्यंत वाळतोही.