विंग चुनच्या नावाखाली होणारी फसवणूक: फी भरण्याआधी हे वाचा

विंग चुन या चिनी कुंग-फू शैलीच्या क्लासच्या पत्रकावर तीन गोष्टी हमखास असतात. ब्रूस लीचा फोटो, ‘स्ट्रीट सेल्फ डिफेन्स’ हे शब्द आणि ‘फक्त १५ दिवसांत’. फोन केला की पहिला डेमो फुकट. बहुतेक लोक त्या डेमोलाच फसतात, कारण तिथे दिसणारी हातांची चपळाई खरी असते. तीन महिन्यांचे पैसे तिथेच भरले जातात आणि पावती मागायचं राहून जातं. पुढे वर्षभराने तोच माणूस सांगत फिरतो की विंग चुन म्हणजे नुसता सिनेमा. पैसे गेल्यापेक्षा हे ऐकून जास्त वाईट वाटतं, कारण कला खोटी नाही, विकणारा खोटा आहे.

डेमोत काय होतं ते नीट पाहा. समोरचा मुलगा दोन पावलांवरून एक लांब ठोसा मारतो आणि हात तसाच हवेत ताणून उभा राहतो. सर एका हाताने तो बाजूला थापटतात (याला पाक साउ म्हणतात) आणि दुसऱ्या हाताने छातीवर पाच-सहा साखळी ठोसे घालतात. टाळ्या पडतात. पण ठोसा मारणारा कुणीही हात पुढे ठेवून थांबत नाही. एक हात मागे जातो तेव्हा दुसरा निघालेला असतो, किंवा त्याच हाताने कॉलर धरलेली असते. डेमो संपल्यावर एवढंच विचारा: “याला हात लगेच मागे घेऊ दे आणि दुसरा ठोसाही मारू दे, मग दाखवाल का?” चांगला शिक्षक लगेच दाखवतो, त्यात कधी एखादा ठोसा खातो, आणि का खाल्ला तेही सांगतो. फसवणारा म्हणतो, “ते ॲडव्हान्स लेव्हलला.”

दुसरं दृश्य एका इंचाच्या, म्हणजे इंचभर अंतरावरून मारलेल्या ठोशाचं. १९६४ साली ब्रूस लीने लाँग बीचच्या कराटे स्पर्धेत तो दाखवला, त्यामागे कमावलेलं शरीर होतं. क्लासमध्ये दाखवतात तो बहुतेक वेळा धक्का असतो. स्वयंसेवकाला दोन्ही पाय एका रेषेत जोडून उभं करतात आणि मागे खुर्ची ठेवतात. माणूस तसा उभा असला की मागच्या बाजूला आधारच नसतो. छातीवर, म्हणजे शरीराच्या गुरुत्वमध्याच्या वर, तळव्याने किंवा मुठीने नुसतं लोटलं तरी तो खुर्चीत बसतो, आणि मागे खुर्ची आहे हे माहीत असल्याने बसायला विरोधही करत नाही. त्याच माणसाला एक पाय दोन फूट मागे टाकून उभं राहायला सांगा आणि पुन्हा ठोसा मारायला लावा. धक्का होता की ठोसा, ते तिथेच कळतं.

मग येते ‘ची’ची गोष्ट. ‘आमच्याकडे ची साउ शिकवतात, म्हणजे ची ऊर्जेचा हात’ असं कुणी म्हणालं तर तिथून उठा. ची साउमधल्या कँटोनीज ‘ची’चा अर्थ चिकटणं. प्राणशक्तीचा ‘ची’ वेगळा शब्द आहे आणि कँटोनीजमध्ये त्याचा उच्चार ‘हेइ’ असा होतो. ची साउ म्हणजे चिकटते हात: दोघांनी मनगटं आणि पुढचे हात एकमेकांना टेकवून गोल फिरवत ठेवायचे, आणि समोरच्याचा दाब कुठे वाढला, कुठे सुटला ते कातडीने ओळखायचं. विंग चुनचा जीव इथे आहे. हाताच्या अंतरावर डोळ्यांनी बघून हालचाल करायला उशीर होतो, स्पर्शाने कळतं ते लवकर कळतं. म्हणूनच नुसते व्हिडिओ बघून हे येत नाही, आणि ‘लाइफटाइम ॲक्सेस’ म्हणून विकलेल्या रेकॉर्डेड कोर्समध्ये नेमकी हीच गोष्ट नसते.

शिक्षक पारखायची सगळ्यांत सोपी खूणही इथेच आहे. या कलेचं एक जुनं सूत्र आहे: येणाऱ्याला थांबवून घे, जाणाऱ्याला पोचवून ये, हात सुटला की सरळ आत घूस. शिक्षकाच्या हाताला हात लावा, दोन-चार वेळा फिरवा आणि मध्येच आपला हात अचानक काढून घ्या. ज्याला येतं त्याचा हात त्याच क्षणी, न झटकता, सरळ तुमच्या छातीकडे येतो, कारण कोपरामागून पुढे जाणारा हलका दाब सतत चालू असतो. ज्याला येत नाही त्याचा हात हवेत तसाच राहतो किंवा बाजूला उडतो. या पारखीला एक मिनिट लागतं, आणि नवख्यालाही ती करता येते.

आता १५ दिवसांचा हिशोब. विंग चुनमध्ये हातांचे क्रम, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या मालिका, तीन: सिउ निम ताउ, चम किउ आणि बिउ जी. त्यानंतर लाकडी पुतळा, लांब काठी आणि जोड-सुऱ्या. एवढंच. पहिल्या क्रमात पावलं हलत नाहीत. पायांची बोटं आत वळवून, गुडघे जरा आत ओढून उभं राहायचं आणि पहिला भाग अगदी सावकाश करायचा: एक तान साउ (तळवा वर ठेवून सरकवलेला हात) पुढे, मग तीन वेळा फुक साउ (मनगटात वाकवलेला, वरून टेकणारा हात), आधी डाव्या हाताने, मग उजव्या. तान साउमध्ये कोपर आणि बरगड्या यांत साधारण एका मुठीचं अंतर राहतं, आणि ढकलतं ते कोपर, मनगट नाही. हे कोपर जागेवर यायला महिने लागतात. फसव्या क्लासमध्ये हाच क्रम पहिल्या आठवड्यात दीड मिनिटात उरकतात आणि दुसऱ्या आठवड्यापासून हवेत साखळी ठोसे सुरू होतात.

त्याचे परिणाम ठरलेले आहेत. ठोसा कोपराऐवजी खांद्यातून निघतो, त्यामुळे तो जोराचा भासला तरी समोरच्याच्या शरीरात शिरत नाही. पूर्ण वेगाने, कोपर शेवटी झटक्यात सरळ करून रोज शेकडो ठोसे हवेत मारले की सांधा दुखायला लागतो. बोंग साउ (कोपर वर, मनगट खाली असा तिरका हात) करताना खांदा वर चढतो, मनगट शरीराच्या मधल्या रेषेवरून घसरतं, आणि समोरच्याने जरा रेटलं की कोपर तोंडावर येतं. शिवाय बोंग साउ ही थांबायची जागाच नव्हे, क्षणात तिची दुसरी हालचाल व्हायला हवी. हे सांगणारं कुणी नसेल तर मुलं ती ढालीसारखी धरून उभी राहतात. बाजूने येणारा रुंद ठोसा, मिठी मारून खाली पाडणारा माणूस, दोघं-तिघं एकदम अंगावर येणं, यांचा सराव तर अशा क्लासमध्ये होतच नाही. जमिनीवर पडल्यानंतरच्या झटापटीबद्दल या शैलीकडे फारसं काही नाही. चांगला शिक्षक हे पहिल्याच महिन्यात सांगतो.

पैसे खरे निघतात ते यानंतर. महिन्याची फी कमीच ठेवलेली असते. पट्ट्याची परीक्षा वेगळी, ‘इंटरनॅशनल’ सर्टिफिकेट वेगळं, परगावाहून येणाऱ्या मोठ्या सरांचा सेमिनार वेगळा. ब्रूस लीचे गुरू इप मॅन १९५० पासून हाँगकाँगमध्ये शिकवू लागले तेव्हा रंगीत पट्टे नव्हते. पुढे काही शाखांनी इयत्ता आणि पट्टे आणले, त्यात गैर काही नाही. गैर हे की परीक्षेत कुणीच नापास होत नाही आणि परीक्षेत ची साउ नसतो. ‘बिउ जी गुप्त आहे, वेगळे पैसे लागतील’ हाही नेहमीचा प्रकार. पुतळ्याच्या क्रमाचं तर सांगूच नका. इप मॅन डिसेंबर १९७२ मध्ये वारले, त्याच्या थोडेच दिवस आधी त्यांनी पहिले दोन क्रम आणि पुतळ्याचा क्रम कॅमेऱ्यासमोर करून ठेवला आहे. जे साऱ्या जगाने पाहिलं आहे ते गुपित म्हणून विकत घेऊ नका.

पुतळाही विकतात, म्हणून त्याचं थोडं. खांब साधारण पाच फुटांचा, जाडी नऊ इंचांच्या आसपास, हात तीन, पाय एक. हात चौकोनी भोकांतून आरपार जातात आणि मागे खुंटीने अडकवलेले असतात, मुद्दाम सैल. वरच्या दोन हातांची भोकं खांबात एकमेकांना ओलांडतात, म्हणून एक भोक दुसऱ्यापेक्षा किंचित वर असतं. खांब दोन आडव्या पट्ट्यांवर टांगलेला हवा, म्हणजे दाबल्यावर तो लवतो आणि परत येतो. नटबोल्टने घट्ट केलेले हात किंवा सिमेंटात रोवलेला पाइप घेतला तर मनगटं काळीनिळी होतात आणि हाताला ताठ राहायची सवय लागते. आणि ची साउ न येणाऱ्याला पुतळ्याचा उपयोग नसतो. पहिल्या महिन्यात पुतळा घ्यायला लावणारा शिक्षक पुतळे विकतो आहे.

सगळ्यांत धोक्याचा भाग चाकूचा आहे. रबरी चाकू, एक सरळ भोसक, हात धरला, चाकू काढून घेतला. हे शिकून बाहेर पडलेल्या मुलाच्या जिवाला धोका आहे, म्हणून ही चाचणी घरी करा. जुना पांढरा शर्ट घाला, जोडीदाराच्या हातात जाड मार्कर द्या, दहा सेकंद त्याला आखूड, भराभर मागे ओढले जाणारे वार करू द्या, आणि दुसऱ्या हाताने शर्ट धरायचीही मुभा द्या. मग शर्टावरच्या रेघा मोजा. ज्या क्लासमध्ये चाकूबद्दलचा पहिला धडा ‘पळा, मध्ये काहीतरी आडवं घाला, ओरडा’ असा नाही, तिथे मुलांना पाठवू नका.

मुलींच्या शिबिरात ‘ही कला एका स्त्रीने घडवली, हिला ताकद लागत नाही’ असं सांगतात. भिक्षुणी ङ मुइ आणि यिम विंग चुन यांची कथा सुंदर आहे, पण ती आख्यायिका आहे. इतिहासात जरा भक्कम पाय ठेवता येतो तो दक्षिण चीनमधल्या फोशानचे वैद्य लिउंग जान यांच्यापाशी, एकोणिसाव्या शतकात. ताकद लागते. विंग चुन ती वाया जाऊ देत नाही, एवढंच. दोन तासांच्या शिबिरातून ‘आता मला कुणी हात लावू शकत नाही’ असा भरवसा घेऊन घरी आलेल्या मुलीची यात सर्वांत मोठी फसवणूक झालेली असते.

परंपरेचा दावाही तपासता येतो. सिफू (गुरू) कोण, त्यांचे सिफू कोण, कुठे आणि किती वर्षं शिकले, हे विचारा आणि वरच्या माणसाला एक मेल टाका. इप मॅन यांच्याखेरीज ग्वांगझौ आणि फोशानच्या दुसऱ्या परंपराही आहेत, तेव्हा ‘खरं फक्त आमचंच’ हे वाक्यच चुकीचं. ‘ब्रूस लीची संपूर्ण विंग चुन’ तर नाहीच. तो १९५९ मध्ये हाँगकाँग सोडून गेला तेव्हा त्याचं शिक्षण अर्धवट होतं, आणि पुढे त्याने स्वतःची वेगळी वाट धरली.

पैसे देऊन झाले असतील तर पत्रक, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, यूपीआयची नोंद आणि चॅट आजच जपून ठेवा. आधी लेखी मागणी करा: कोणता शब्द दिला होता, काय शिकवलं नाही, किती रक्कम परत हवी. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा, त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत आयोगाकडे जावं लागतं, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे दाखल-शुल्क नाही. रोख दिलेले असतील तर त्याच बॅचमधल्या आणखी दोघा-तिघांना बरोबर घ्या, त्यांनीही पैसे भरलेले असतात.