निळीने पकडून दिलेलं वॉटर सेव्हिंग इंटिरिअर

गोव्यात म्हापशाला आमचा टू बीएचके आहे, पाणी अस्नोड्याच्या जलशुद्धीकरण प्लांटचं. त्या प्लांटला पाणी आणणारा तिळारी धरणाचा कालवा कुठे फुटला की दोन दोन दिवस नळ कोरडा. वर्षाला ३००० मिमीच्या आसपास पाऊस पडतो आपल्याकडे आणि मे महिन्यात आम्ही टँकरवाल्याला फोन लावत बसतो, म्हणून चवथीच्या आधी रिनोव्हेशन काढलं तेव्हा मीच डिझायनरला म्हटलं, फॉल्स सीलिंग राहू दे रे, पाणी वाचेल असं काहीतरी कर.

झालं, त्याला कळलं ह्या गिऱ्हाइकाला काय विकायचं ते.

पॅकेज १ लाख ८५ हजारांचं. सगळ्या नळांना एरेटर (धार आवळून पाणी वाचवणारी तोंडाची जाळी), ड्युअल फ्लश (कमी-जास्त पाण्याची दोन बटणं), आणि मेन आयटम म्हणजे वॉशिंग मशीनचं आणि बेसिनचं पाणी फिल्टर होऊन बाल्कनीतल्या टाकीत जमणार, तिथून छोट्या पंपाने फ्लशला. थ्रीडीत निळे बाण भिंतीतून फिरताना दाखवले. कोटेशन व्हॉट्सॲपवर, बिल मागितलं तर म्हणे "जीएसटी लावला तर तुम्हालाच महाग पडेल दादा", आणि मी ७० टक्के कॅश दिली. बायको नको म्हणत होती, तरी दिली.

काम संपलं त्या दिवशी त्याने बेसिनच्या नळाखाली मग धरला, मोबाईलवर एक मिनिट लावलं, साडेचार लिटर. जुन्या नळाला बारा-तेरा यायचं. आम्ही खूश, उरलेले पैसेही तिथेच दिले.

मार्चपासून बाल्कनीतल्या टाकीला वास यायला लागला. विचारलं तर "साबणाचं पाणी आहे, थोडा येणारच". आता कळतंय की असलं पाणी एक-दीड दिवस पडून राहिलं की कुजतं, पण ते रोज फ्लशला जात असेल तर टाकीत पडून राहीलच कशाला? हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. मे महिन्यात नळ गेला, आईने साठवलेलं पाणी ओतून मशीनचे दोन घाणे काढले, बाल्कनीतली टाकी काठोकाठ भरली, पंपाचा हिरवा दिवा लागलेला, आणि फ्लश दाबला तर नुसता खटका. फोन केला तर "फिल्टर चोक असेल, सर्व्हिसिंगचे अडीच हजार होतील".

पाणी परत आल्यावर आईने काय करावं, पांढऱ्या कपड्यांच्या शेवटच्या पाण्यात चांगली दोन झाकणं नीळ ओतली. टाकी निळीशार. फ्लश केला, पाणी स्वच्छ पांढरं. पुन्हा केला, पांढरं. आणि मग बाल्कनीच्या कोपऱ्यातल्या जाळीतून निळं पाणी चाललेलं दिसलं, टाकीच्या ओव्हरफ्लोचं, सरळ गटारात.

ओळखीचा प्लंबर आला, कमोडमागच्या दोन टाइल्स काढल्या. पंपाकडून आलेला पाइप टाइलमागे हातभर येऊन संपलेला, टोकाला एन्ड कॅप सोल्युशन लावून चिकटवलेली. म्हणजे जोडायचं राहून गेलेलं नाही, ठरवून बंद केलेलं. फ्लशला नेहमीच्याच टाकीचं पाणी. प्लंबर म्हणाला एका अर्थी बरंच झालं, ह्याने ते नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं जाऊ न देणारा) न टाकता पिण्याच्या लाइनला जोडलं असतं तर साबणाचं पाणी किचनच्या नळाला आलं असतं.

मग आम्ही सगळंच तपासलं. बेसिनखालचा अँगल कॉक, म्हणजे नळाचं पाणी बंद-चालू करायची चावी, जेमतेम उघडा ठेवलेला, पूर्ण फिरवला तर परत मिनिटाला तेरा लिटर! नळाच्या तोंडाची जाळी नुसतीच जाळी, खऱ्या एरेटरमध्ये प्रवाह आवळणारी बारीक चकती असते आणि बऱ्याचदा कडेवर मिनिटाला किती लिटर तेही छापलेलं असतं, आमच्यावर काहीच नव्हतं. फ्लशचं मोजायचं असेल तर कॉक बंद करा, एकदा फ्लश करा आणि लिटरच्या बाटलीने टाकी आधीच्या खुणेपर्यंत भरा. चांगल्या ड्युअल फ्लशला छोट्या बटणाला साधारण ३ आणि मोठ्याला ६ लिटर लागतात. आमच्या दोन्ही बटणांना नऊ बाटल्या. वर प्लेट दोन बटणांची, आत व्हॉल्व्ह एकाच मापाचा.

टाइल लावायच्या आधी भिंतीतल्या प्रत्येक पाइपचा फोटो काढा आणि त्यातून पाणी सोडून बघा, आम्ही त्या आठवड्यात सोफ्याचं कापड निवडत होतो. रंगीत पाणी घालायला तर दहा रुपयेपण लागत नाहीत. आणि शेवटचा हप्ता महिनाभर वापरून झाल्यावरच.

डिझायनर आता फोन उचलत नाही, मेसेजला निळ्या टिक येतात तेवढंच (घरात ह्यावरून जोक झालेत). १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार घातली, आता पर्वरीला जिल्हा ग्राहक आयोगात केस टाकतोय. दोन वर्षांच्या आत टाकावी लागते आणि पाच लाखांपर्यंत फी नाही. कॅशची पावती नाही म्हणून वकील जरा तोंड वाकडं करतात, पण व्हॉट्सॲपवर "पूर्ण पैसे मिळाले, थँक्यू दादा" असा त्याचाच मेसेज सापडलाय.

त्या दोन टाइल्स वकिलांनी तशाच ठेवायला सांगितल्यात. पाहुणे आले की विचारतात भिंतीला भोक कसलं, आणि आई बालदीत मशीनचं पाणी धरून कमोडला ओतते.