'ब्रास' टाकलं आणि वाळू आली: दुकानाच्या वेबसाइटसाठी विषय शोधण्याचे नऊ महिने

नाशिकच्या भांडी बाजारात आमचं तांब्या-पितळेचं दुकान आहे, आजेसासऱ्यांनी सुरू केलेलं. वेबसाइट मात्र माझ्या गळ्यात पडली. ती बनवून देणारा मुलगा जाताना म्हणाला, "वहिनी, आठवड्याला एक लेख टाकत जा, नाहीतर गूगल विचारणार नाही." मी लागले कामाला. पहिला लेख तांब्याच्या भांड्यातल्या पाण्याचे फायदे. दुसरा पितळेच्या भांड्यांचे फायदे. तिसरा तांब्या-पितळेच्या भांड्यांचे फायदे. चौथ्या आठवड्यात फायदे संपले.

ही गेल्या जुलैतली गोष्ट. ऑगस्ट २०२५ मध्ये, गणपतीच्या गडबडीआधी, मी विषय शोधण्याच्या मागे रीतसर लागले. आता एप्रिल संपत आलाय. या काळात एक पैसे देऊन घेतलेलं टूल, एक एआय, गूगलची दोन फुकट साधनं आणि उधारीची एक जुनी वही असं सगळं वापरून झालं.

आधी पैसे गेले त्याबद्दल. टूलचं नाव घेत नाही. दर महिन्याला डॉलरमध्ये पैसे कापून घ्यायचं आणि एक शब्द टाकला की लोक काय काय शोधतात त्याची यादी द्यायचं. मी 'ब्रास' टाकलं. यादीत पहिलंच: एक ब्रास वाळू म्हणजे किती? शंभर घनफूट, हे ज्याने घर बांधलंय त्याला पाठ असतं, पण मला पितळ हवं होतं. मग बिडाच्या तव्यासाठी 'बीड' टाकलं, तर बीड जिल्ह्याचं हवामान आणि एसटीचं वेळापत्रक आलं. 'तांबट' टाकलं तर पक्षी आला. तो दुपारभर टुक टुक का करतो हा प्रश्न चांगला आहे, पण आम्ही पातेली विकतो. दोन महिने भरले आणि बंद केलं. अर्थात तुमचं गिऱ्हाईक परदेशातलं असेल आणि शोधही इंग्रजीत होत असेल, तर ते वाया जाणार नाही. कास्ट आयर्नबद्दल त्याने दिलेले प्रश्न बरे होते. मराठीत मात्र त्याची मती गुंग होते.

एआयने मिनिटभरात पन्नास शीर्षकं दिली, सगळी गुळगुळीत. 'आधुनिक स्वयंपाकघरात पितळेचे स्थान' असं कोण कोणाला विचारतं? वर एका मसुद्यात तांब्याच्या पाण्याने बरे होणाऱ्या आजारांची यादी होती. आजार भलतेच मोठे होते. उद्या कोणी औषध बंद करून तांब्या घेऊन बसलं तर? हल्ली मी त्याला एकच काम देते. वहीतले प्रश्न टाकते आणि यातले सारखे कुठले ते विचारते. ते तो नीट करतो.

आता वही. आमचे सासरे, आप्पा, अजूनही गल्ल्यावर बसतात. त्यांच्या मागच्या फळीवर उधारीची लाल वही पडून होती, अर्धी कोरी. गिऱ्हाइकाने विचारलेला प्रश्न त्याच्याच शब्दांत, तिथल्या तिथे लिहायचा, एवढाच नियम केला. शब्द सुधारायचे नाहीत. आप्पा म्हणाले, "अगं, लोक तेच तेच विचारतात, लिहायचंय काय त्यात?" मला नेमकं तेच हवं होतं.

सप्टेंबरात एक बाई वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पितळी पातेलं घेऊन आल्या. महिन्याभरापूर्वीच कल्हई केलेली, आणि तळाला चंदेरी गुठळ्या. कल्हईवाल्याने फसवलं अशी तक्रार. आप्पांनी पातेलं उजेडाकडे धरलं, तळावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "रिकामंच गॅसवर राहिलं होतं का?" बाई जरा थांबल्या. "फोन आला होता," म्हणाल्या. कल्हई म्हणजे कथलाचा थर आणि कथील २३२ अंशांना वितळतं. आत पाणी असेल तोवर पातेलं शंभराच्या आसपास राहतं. रिकामं ठेवलं की मोठ्या आचेवर २३२ गाठायला वेळ लागत नाही. थर वितळून गोळा होतो आणि खालचं पितळ उघडं पडतं. फोडणीसाठी आधी तेल घाला आणि मग गॅस पेटवा, हे आम्हाला इतकं अंगवळणी पडलेलं की लिहायचं सुचलंच नसतं. त्या रात्री 'कल्हईचं भांडं रिकामं तापलं तर' हा लेख लिहिला. सोबत त्याच पातेल्याचा फोटो, बाईंना विचारून. आजही साइटवर सगळ्यात जास्त वाचलं जाणारं पान तेच आहे.

वहीतली बाकीची पानंही अशीच. समईला हिरवं का चढतं? बिडाच्या तव्याला पहिला डोसा चिकटतोच, मग दुसरा का नाही? तांब्याचा हंडा आतूनही चिंचेने घासायचा का? एकाने तर विचारलं होतं, "पितळ खरं आहे हे बायकोला कसं पटवू?" त्यावरही लेख झाला, बायकोचा उल्लेख वगळून.

पण वहीत फक्त दुकानात आलेली माणसं असतात. न आलेल्यांसाठी गूगल सर्च कन्सोल. फुकट आहे. साइट तुमचीच आहे हे एकदा सिद्ध करायचं, मग कोणत्या शब्दांवर तुमचं पान लोकांना दिसलं, किती वेळा दिसलं, किती जणांनी उघडलं आणि ते साधारण कितव्या नंबरावर होतं, हे दिसतं. मी क्लिकच्या रकान्याकडे फारसं बघत नाही. पुष्कळदा दिसलेले आणि कोणीच न उघडलेले शब्द शोधते. विषय तिथे असतात.

असंच एकदा दिसलं: 'पितळेच्या भांड्यात ताक कळकतं का'. माझ्या लेखाचं शीर्षक होतं 'आम्लयुक्त पदार्थांची पितळेशी होणारी अभिक्रिया'. मी बी.एस्सी. केलंय, त्याचा हा परिणाम. कळकतं! माझी आजी हाच शब्द वापरायची, आणि मला तो लेख लिहिताना आठवला नव्हता. शीर्षक बदललं, आत कढी, टोमॅटोचं सार, चिंचेची आमटी अशी नावं घातली, अभिक्रिया एका वाक्यावर आणली. तीन-चार आठवड्यांत पान वर सरकलं.

'कल्हई'वरून घरात वाद झाला. कन्सोलमध्ये पुष्कळ जण 'कलई' लिहून शोधताना दिसत होते. आप्पांचं म्हणणं, 'कलई' हिंदी, आपल्या पाटीवर 'कल्हई'च राहील. शेवटी शीर्षकात कल्हई ठेवली आणि मजकुरात एका ठिकाणी 'काही जण कलई म्हणतात' असं टाकलं. आप्पांनी ते वाक्य अजून वाचलेलं नाही.

कन्सोलची मर्यादाही माहीत असावी. पक्के आकडे दोनेक दिवस मागे असतात, पडद्यावर हजारच ओळी दिसतात, अगदी विरळ शोध खासगीपणासाठी लपवलेले असतात, त्यामुळे बेरीज कधी जुळत नाही. आणि मागचं फक्त १६ महिन्यांचं दिसतं. आमच्याएवढ्या दुकानाला हजार ओळी म्हणजे डोक्यावरून पाणी, पण १६ महिन्यांचं कुंपण मला वेगळ्याच ठिकाणी आडवं आलं. त्यावर येतेच.

फसलेले लेखही सांगायला हवेत. तांबटांच्या ठोक्याच्या कामावर मी जीव ओतून लिहिलं होतं. पुण्याच्या तांबट आळीत जाऊन आले, हातोडीच्या एकेका ठोक्याने पत्र्यावर उमटणारी नक्षी तासभर बघत बसले. ते पान कोणी उघडत नाही. काढणार नाही, माझं आवडतं आहे. उलट 'कल्हई कुठे करून मिळेल' हे पान धो धो चाललं आणि डोकेदुखी झाली. लातूर, नागपूर, पार गोव्याहून फोन. पातेलं कुरिअरने पाठवायचं, परत मागवायचं, आणि भाडं कल्हईच्या दुप्पट. दिवसाला चार फोन आणि विक्री शून्य. आता त्या पानावर पहिल्याच ओळीत लिहिलंय की कल्हई फक्त दुकानात आणून दिलेल्या भांड्यांना. वाचक वाढले म्हणजे गल्ला वाढला, असं समजून मीच दोन महिने खूश होते.

गूगल ट्रेंड्स मी वर्षातून चार-पाच वेळाच उघडते. किती लोकांनी शोधलं हे ते सांगत नाही, फक्त ० ते १०० मधला चढउतार दाखवतं, आणि आमच्या शब्दांचा आलेख एका गावापुरता मागितला तर बहुतेक वेळा कोराच येतो. पण ते २००४ पर्यंत मागे जातं आणि तेच माझ्या कामाचं. सणांचे विषय सगळ्यांनाच सुचतात: धनत्रयोदशीला भांडी, पाडव्याला गुढीवरचा तांब्या. पण अधिक महिना साधारण तीन वर्षांनी येतो. मागचा २०२३ मध्ये अधिक श्रावण होता. सर्च कन्सोलच्या १६ महिन्यांत तो येणं शक्यच नाही. ट्रेंड्सवर महाराष्ट्र निवडून 'अधिक मास' टाकलं, तर २०१८, २०२० आणि २०२३ अशा तीन टेकड्या, मध्ये सपाट माळ.

या वर्षी १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. जावयाला वाण द्यायचं म्हणजे तेहतीस अनारसे, वर निरांजन, खाली तांब्याचं ताट. दर अधिकात गल्ल्यावर एकच प्रश्न येतो, "तेहतीस बसतील असं ताट केवढ्या मापाचं?" आप्पा अंदाजाने सांगतात. मी या वेळी मोजून लिहायचं ठरवलं. सासूबाईंनी तीन इंची अनारसे तळले. दहा इंची ताटात एका थराला सात बसले, म्हणजे पाच थर आणि वरचा डुगडुगता. बारा इंचीत एका थराला अकरा. अकरा त्रिक तेहतीस, तीन थर, वर निरांजन व्यवस्थित उभं राहतं.

पान परवाच टाकलंय. फोटोत नीट मोजलंत तर अनारसे एकतीसच भरतील. कॅमेरा आणायला वर गेले, तेवढ्यात आप्पांनी दोन उचलले होते.