मंगळवारचा साडेसातचा फोन : नैराश्यातल्या 'सोबती' सेवेबद्दल

माझं नाशिकला फॉल-पिकोचं दुकान आहे. गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर, ऐन हंगामात, गिऱ्हाइकांच्या साड्या पिशव्यांत तशाच पडून होत्या आणि माझ्याच्याने शटर उघडवत नव्हतं. डॉक्टरांनी नऊ प्रश्नांचा कागद भरून घेतला, पीएचक्यू-९ म्हणतात त्याला. आकडा जितका मोठा तितकं नैराश्य जास्त. माझे २७ पैकी १९ आले. गोळ्या सुरू झाल्या. गुण यायला दोन-चार आठवडे लागतील हे त्यांनी सांगितलं होतं, पण ते आठवडे काढायचे कसे हा प्रश्न माझ्यापुढे होता.

दवाखान्यातच या सेवेचं पत्रक मिळालं. स्वतः नैराश्यातून गेलेली, सावरलेली आणि शिकून तयार झालेली व्यक्ती आठवड्यातून एकदा आपल्याशी बोलते. तिला ते 'सोबती' म्हणतात. संस्थेचं नाव मी लिहीत नाही, कारण गट लहान आहे. नावावरून कोण सोबती आणि त्यांना काय झालं होतं, हे लगेच कळेल.

पहिला सोबती माझ्या मुलाच्या वयाचा होता. मनाने चांगला, पण "मावशी, पॉझिटिव्ह विचार करा" यापुढे गाडी जाईना. दोन फोन झाल्यावर मी बदलून मागितला. त्यांनी कारण उकरून काढलं नाही, आठ दिवसांत बदलून दिला. हे मला फार आवडलं. त्या दिवसांत कुणाला कारण समजावून सांगायची ताकद नसते.

मग ताई आल्या. पहिल्याच फोनवर त्यांनी विचारलं, "चहाचं पातेलं घासलंय का?"

पातेलं तीन दिवसांचं सिंकमध्ये पडलं होतं. साय वाळून कडेला चिकटलेली, बुडाला चहापत्तीचा काळा थर. "कसं वाटतंय?" असं घरचे सगळे विचारायचे आणि मला उत्तर सापडायचं नाही. या प्रश्नाला उत्तर होतं. नाही घासलं.

"घासू नका. नुसतं पाणी भरून ठेवा. फोन कानालाच असू द्या."

मी नळ सोडला. आवाज त्यांना तिकडे ऐकू गेला असणार. म्हणाल्या, "झालं आजचं काम." मग थोडं थांबून, "माझ्याकडे सहा पातेली होती. सहाही खरकटी झाल्यावर मी चहा सोडला होता."

मला रडू आलं. इतक्या जणांशी बोलले होते, पण हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

पुढे वही सुरू झाली. आठवड्याला दोनच कामं. पहिल्या आठवड्यात फक्त शटर वर करून आत बसायचं. मग बॉबिन भरायची. मग एका साडीला फॉल. हुरूप यायची वाट न बघता आधी हात हलवायचे, ही त्यामागची रीत. ती हवेतली नाही. गोव्यात संगाथ संस्थेने १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ जणांवर याच रीतीचा अभ्यास केला, तो २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ भेटी दिल्या. तीन महिन्यांनी त्यांच्याकडचे ६४ टक्के लोक आजारातून बाहेर आले होते, नेहमीच्या उपचारांवर ३९ टक्के. ते समुपदेशक स्वतः आजारातून गेलेलेच होते असं नाही, हा फरक आहे. माझ्यापुरता तो फरक सहा पातेल्यांचा होता.

चौथ्या महिन्यात बरं वाटायला लागलं म्हणून मी पाच दिवस गोळ्या बंद ठेवल्या. ताई रागावल्या नाहीत. "औषधाचं मी काही सांगणार नाही, तो माझा अधिकार नाही. आत्ता फोन ठेवा आणि डॉक्टरांना लावा." सोबतीला आपली हद्द माहीत असणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

आता तक्रार. सहाव्या महिन्यात सलग तीन मंगळवार फोन वाजला नाही. कार्यालयात विचारलं तर "रजेवर आहेत", एवढंच. ताईंचा आजार उलटला होता, हे नंतर त्यांच्याकडूनच कळलं. मी मात्र धरून बसले होते की माझंच ऐकून त्या कंटाळल्या. हा आजार माणसाला असंच सांगतो, आणि हे त्या कार्यालयाइतकं कुणाला माहीत असणार? एक फोन करायला हवा होता. नैराश्य उलटू शकतं, सोबतीचंसुद्धा. मग त्या दिवसासाठी दुसरं माणूस ठरलेलं नको? तिसऱ्या मंगळवारी रात्री मी १४४१६ लावला. ही सरकारची टेलि-मानस सेवा, २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झालेली. चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलतात. त्या रात्री तोच आधार झाला.

मी संस्थेला सविस्तर पत्र लिहिलं. आता ते प्रत्येकाला पहिल्याच दिवशी दुसऱ्या सोबतीचा नंबर देतात आणि ओळख करून देतात. पाचपैकी चार देईन. पत्र लिहायच्या आधी विचारलं असतंत तर तीन दिले असते.

ताई श्रावणात परत आल्या. आवाज थकलेला होता. म्हणाल्या, "आज वीसच मिनिटं बोलू." तेवढंच बोललो. त्या नऊ प्रश्नांचा माझा आकडा आता ६ आहे, गोळ्या चालू आहेत, फोन पंधरा दिवसांनी असतो.

नाव नोंदवलंत तर साधारण तीन आठवडे थांबावं लागतं. फॉर्ममध्ये सोयीची वेळ विचारतात, तिथे दिवसातली तुम्हाला सगळ्यात जड जाणारी वेळ लिहा. माझी साडेसातची होती.