टेप सोडल्यावर जे दिसलं

मागच्या पावसाळ्यात उंदरांनी माझ्या गाडीच्या बॉनेटमधल्या वायरी कुरतडल्या. आम्ही नागपूरला बेशाकडे राहतो, आजूबाजूला मोकळे प्लॉट आणि गवत, गाडी उघड्यावर उभी. हे आमच्या लेआउटमध्ये अनेकांच्या गाड्यांचं झालंय. पण त्यानंतर रिंग रोडवरच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनने मला जे फसवलं, ते इतरांना कळावं म्हणून लिहितो आहे.

त्याने बॉनेट उघडून पाहिलं आणि म्हणाला, "समोरची सगळी वायरिंग नवीन टाकाव लागते साहेब. कंपनीची वायर टाकून देतो, दहा वर्ष पाहाले लागत नाही." साडेसहा हजार ठरले. संध्याकाळी गाडी घ्यायला गेलो तर काळ्या टेपने गुंडाळलेला छान जुडगा दिसला, हेडलाइट लागले, हॉर्न वाजला. बिल मागितलं तेव्हा म्हणाला, "बिल पाहिजे तर अठरा टक्के वेगळे लागतील जी." मी बिल न घेताच पैसे दिले. पुढे याच गोष्टीने माझे हात बांधले गेले.

हिवाळ्यापासून उजेड पिवळट वाटू लागला. बल्ब म्हातारे झाले असतील म्हणून दोन्ही बदलले, फरक शून्य. मे महिन्यात उमरेडहून रात्री परत येत होतो, आई मागे बसलेली. आधी प्लास्टिक जळाल्याचा वास आला आणि पाठोपाठ दोन्ही हेडलाइट एकदम गेले. समोरून ट्रक येत होता. त्याच्याच उजेडात कडेची पट्टी दिसली, म्हणून गाडी खाली उतरवता आली. ते काही क्षण आठवले की आजही माझे हात गार पडतात.

दुसऱ्या दिवशी कामठी रोडवरच्या एका जुन्या मिस्त्रींकडे गाडी ओढून नेली. काकांनी मला बाजूला उभं केलं, "तुम्हीच पाहा," म्हणाले आणि ब्लेडने टेप चिरली. नवीन वायरिंग नव्हतीच! उंदरांनी तोडलेल्या जागी हातभर तुकडे जोडले होते. तेही टोकं सोलून, बोटांनी पिळून, वर टेप. बॉनेटमधल्या उष्णतेने टेपचा डिंक वितळून चिकट झाला होता आणि टेप सरकून तांबं उघडं पडलं होतं. पाच जॉइंट एकाच जागी, एकमेकांना खेटून. काकांनी नव्या तुकड्याची एक तार ब्लेडने खरवडली, तर आतून पांढरी निघाली. वरून तांब्याचा मुलामा, आत ॲल्युमिनियम. तेवढ्याच जाडीच्या तांब्यापेक्षा ॲल्युमिनियम बराच कमी करंट वाहतं, त्याच्यावर ऑक्साइडचा थर लगेच चढतो, आणि ओलाव्यात तांब्याला जोडलं की जॉइंट कुजतो. जॉइंटचा विरोध वाढतो, तो तापतो, तापला की आणखी सैल होतो.

सगळ्यात संताप आला तो फ्यूज पाहून. माझ्या गाडीत हेडलाइटला निळा, १५ अँपिअरचा फ्यूज होता. त्या जागी हिरवा, ३० चा बसवलेला. फ्यूज वारंवार उडत असेल, म्हणून त्याने मोठा टाकून दिला. म्हणजे वायर वाचवणारी वस्तूच काढून घेतली. आधी वायर जळणार, फ्यूज शाबूत.

काकांनी जोड कसा असतो ते दाखवलं. वायर तांब्याची, मूळ वायरच्याच जाडीची. दीड ते अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरला निळा बट कनेक्टर (दोन टोकं आत घालून दाबायची छोटी नळी), आणि तो पक्कडीने चेपायचा नाही, त्याच्या खास क्रिम्पिंग टूलनेच दाबायचा. मग दोन्ही बाजूंनी जोर लावून ओढून पाहायचा, निसटला तर पुन्हा. वर आतून डिंक असलेली स्लीव्ह, गरम केल्यावर टोकांतून डिंक थोडा बाहेर आला पाहिजे, म्हणजे पाणी आत जात नाही. जॉइंट पुढे-मागे ठेवायचे, एका रांगेत नाहीत. डाग देणं (सोल्डरिंग) वाईट नाही, पण कथील वायरीत वर चढून ती तिथे ताठ होते आणि इंजिनाच्या थरथरीने नेमकी त्या ताठ भागाच्या कडेला तुटते. म्हणून डाग दिला तर वायर जवळच बांधून टाकायची. नळकामाचा ॲसिडचा फ्लक्स तर अजिबात वापरायचा नाही.

पहिल्याकडे मी तो जुडगा घेऊन गेलो. "वायर मी टाकलेलीच नाही," एवढंच म्हणाला. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन केला. तिथे आधी बिल मागितलं. माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं.

तुम्ही असं काम करून घेतलं असेल तर मल्टिमीटरने एवढं बघा. इंजिन चालू, हेडलाइट लावलेले, एक प्रोब बॅटरीच्या प्लसला, दुसरा बल्बच्या प्लसला. मीटरवर दिसतात ते वाटेत वायरीत वाया जाणारे व्होल्ट; अर्ध्या व्होल्टच्या आत असतील तर ठीक. जुनी वायरिंग काढण्याआधी काकांनी जळालेला जोड तात्पुरता जोडून माझ्या गाडीत मोजलं तेव्हा २.३ आले होते, आणि दोन व्होल्ट गेले की हॅलोजनचा उजेड जवळपास अर्धा होतो. नवीन काम झाल्यावर ०.२ आले. तेव्हाच आईला पुन्हा मागच्या सीटवर बसवून उमरेडला घेऊन गेलो.