काउंटी (जिल्हा) ग्रामीण आहे म्हणून घर ग्रामीण कर्जाला पात्र ठरत नाही. माझे ६,३०५ डॉलर गेले

चार महिने लाजेने गप्प बसले. पण गेल्या आठवड्यात आमच्याच ओळखीतल्या आणखी एका घरी मला फसवणाऱ्या त्याच माणसाचा फोन गेल्याचं कळलं, म्हणून लिहिते आहे.

ओहायोतल्या एका मका-सोयाबीनच्या काउंटीत आम्ही सहा वर्षं भाड्याने राहतो. ग्रीनकार्ड आलं तसं घर घ्यायचं ठरलं. डाउन पेमेंटएवढी शिल्लक नव्हती, म्हणून यूएसडीएच्या, म्हणजे अमेरिकेच्या कृषी खात्याच्या, गॅरंटीचं ग्रामीण कर्ज. त्यात डाउन पेमेंट शून्य चालतं. ओळखीतून एक लोनवाला भेटला. मराठी बोलणारा, मला वहिनी म्हणणारा.

त्याला सगळं पाठ होतं. उत्पन्नाची मर्यादा त्या भागाच्या मध्यम उत्पन्नाच्या ११५ टक्के, सुरुवातीची गॅरंटी फी १ टक्का, वर्षाची ०.३५ टक्के. धाकटे दीर आमच्याकडे राहतात, तर त्यांचा पगारही धरावा लागेल, हे त्यानेच सांगितलं. आणि ते खरंच आहे: कर्जात नाव नसलं तरी घरातल्या प्रत्येक कमावत्या माणसाचं उत्पन्न मोजतात. इतकं नेमकं बोलणाऱ्यावर मी काय म्हणून संशय घ्यायचा?

पैसे असे गेले. 'एलिजिबिलिटी सर्टिफिकेट'चे १,४५०. 'रेट लॉक'चे, म्हणजे व्याजदर पक्का करण्याचे, ९७५. मग २,३८,००० च्या घरावर १ टक्का गॅरंटी फी 'आगाऊ', २,३८०. सगळे झेल (Zelle) ॲपने, थेट त्याच्या खात्यात. ही १ टक्का फी खरी असते, पण ती क्लोजिंगला, म्हणजे घराचा व्यवहार पुरा होताना, कर्ज देणाऱ्या बँकेमार्फत जाते, कर्जातही घालता येते. कुणाच्या खासगी खात्यावर कधीच जात नाही. आणि असलं सर्टिफिकेट यूएसडीए विकतच नाही.

मला कळायला हवं होतं ते त्या नकाशावरून. त्याने व्हॉट्सॲपवर यूएसडीएच्या नकाशाचा स्क्रीनशॉट पाठवला. आमच्या घराची खूण फिकट रंगाच्या पट्ट्यात, आणि कोपऱ्यातली रंगांची माहिती कापलेली. "वहिनी, रंगवलेला भाग पात्र." मी बघत राहिले. शेजारच्या शहराची वाढलेली वस्ती, वॉलमार्टचा चौक, सगळं रंगात. आणि मैलोन् मैल शेतं कोरी. मी विचारलंही, ग्रामीण कर्ज आणि शेतं बाहेर कशी? तो म्हणाला, "शेतजमिनीवर हे कर्ज नाही मिळत, राहत्या वस्तीवर मिळतं." मला पटलं. नवऱ्याची रात्रपाळी, घरमालकाची नोटीस आलेली, आणि बोलणारा आपल्या भाषेतला.

उलट होतं. रंगवलेला भाग अपात्र असतो. पात्रता काउंटीवर ठरत नाही, पत्त्यावर ठरते. यूएसडीएच्या साइटवर पत्ता टाकला की फुकटात दिसतं. मी तो टाकला नाही. तुम्ही घर बघायला जायच्या आधी टाका.

खऱ्या बँकेत गेलो तेव्हा तिथल्या बाईंनी दोन मिनिटांत नकाशा उघडून दाखवला. तोवर घराच्या करारातली कर्ज मिळवायची मुदत उलटली होती, अर्नेस्ट मनीचे, म्हणजे घरासाठी भरलेल्या इसाऱ्याचे, १,५०० ही गेले. लोनवाल्याचा फोन बंद.

आणि मग दारोदार फिरणं. आमच्या बँकेने सांगितलं, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, आम्ही काही करू शकत नाही. शेरीफच्या ऑफिसात डेप्युटी म्हणाला, हा दिवाणी मामला आहे, वकील बघा. ऑनलाइन तक्रार केली तर एक नंबर आला. पुढे चकार शब्द नाही. राज्याच्या कार्यालयात पंचावन्न मिनिटं फोनवर ताटकळले, मग दुसरा नंबर दिला, तो पहिल्याच खिडकीचा निघाला. चोर एका दिवसात पैसे नेतो आणि आम्ही फॉर्म भरत बसायचं! प्रत्येकाने पहिला प्रश्न विचारला तो हाच, की पैसे का दिलेत. त्याला कुणी शोधतंय का, हे एकानेही सांगितलं नाही.

लोन एस्टिमेट, म्हणजे कर्जाच्या अटी आणि खर्चाचा अधिकृत कागद, हातात येऊन तुम्ही होकार देईपर्यंत क्रेडिट रिपोर्टचा खर्च सोडून एक डॉलरही फी घेता येत नाही, हा फेडरल नियम आहे. त्याने दिलेला एनएमएलएस नंबर (कर्ज देणाऱ्यांचा परवाना-नोंदणी क्रमांक) खरा होता, पण दुसऱ्याच माणसाचा. एनएमएलएसच्या कन्झ्युमर ॲक्सेस साइटवर नाव आणि नंबर दोन्ही जुळवून बघा. नात्याने हाक मारतो म्हणून कागद मागायला संकोचू नका.

आणि चॅट पुसू नका. मी रागाच्या भरात त्याचं सगळं संभाषण डिलीट केलं. डेप्युटीने नंतर तेच मागितलं. माझ्याकडे फक्त तो कापलेला नकाशा उरला होता, फोटोंत सेव्ह झालेला.